साठ वाटे आणि तीन घोडे: व्हरमाँटमधल्या घोड्यांच्या शेतीचं वर्ष

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात २० एकर मोकळी जमीन आणि १० एकर रान मिळतंय. घोड्यांनी मशागत करून ६० कुटुंबांना जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला भाजीचा वाटा द्यायचा आणि पैसे हंगामाआधीच घ्यायचे, असा बेत आहे. हे जमेल का, घोडे किती लागतील, आणि महाराष्ट्रात बैलांची शेती पाहिलेल्या माणसाला इथे नवीन काय शिकावं लागेल?

जमेल. मात्र जोडीवर भागवू नका, तीन घोडे ठेवा. आणि किती वाटे विकायचे हे जमिनीच्या एकरांवर ठरवू नका, जोडीच्या दिवसांवर ठरवा.

जोडीचा दिवस म्हणजे काय ते आधी पाहू. ७५० किलोचा घोडा दिवसभर टिकेल अशी ओढ आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतकी देतो, म्हणजे ७५ किलोची. १२ इंची तास घेणाऱ्या एका फाळाच्या नांगरानं एक एकर नांगरायचा तर जोडीला १३ किलोमीटर चालावं लागतं. वळणं, दम खाणं, दगड काढणं धरलं की तयार जोडीचा तो पूर्ण दिवस झाला. आता २० एप्रिल ते १० जून हे पन्नासेक दिवस घ्या. पाऊस आणि वापसा नसलेले दिवस वजा केले की हातात २५ उरतात. त्यात ४ एकर भाजीपाल्याची नांगरट ४ दिवस, तव्यांचा कुळव आणि स्प्रिंगच्या दातांचा कुळव मिळून ३ दिवस, खत पसरणं ५, सऱ्या पाडणं आणि लावणीच्या ओळी आखणं ४, पहिल्या दोन कोळपण्या ३. बेरीज १९. हाताशी राहिले ६ दिवस, आणि एखाद्या वर्षी मे महिना नुसता भिजत गेला की तेही राहत नाहीत. म्हणून ४ एकर आणि ६० वाटे ही पहिल्या तीन वर्षांची हद्द समजा. ट्रॅक्टरवाले एकरी २०-२५ वाटे काढतात, घोड्यांवर १५ धरा. कारण दोन ओळींमध्ये घोडा चालायचा असतो, ओळी ३६ इंचांवर ठेवाव्या लागतात.

बाकीच्या १६ एकरांपैकी ४ एकर दरवर्षी हिरवळीच्या खताखाली विश्रांतीला. हे काटकसरीत काढून टाकायचा मोह होतो, तो टाळा. पेनसिल्व्हेनियात ट्राउट रन इथल्या बीच ग्रोव्ह फार्मवर एरिक आणि ॲन नॉर्डेल यांनी घोड्यांवरच्या भाजीशेतीत हीच पद्धत घडवली: निम्मी जमीन पिकाखाली, निम्मी हिरवळीखाली, आणि मध्ये थोडा काळ उघडी ठेवून तण उगवू द्यायचं आणि वरवरच्या पाळ्यांनी मारायचं. पीक उभं असताना खुरपण्यापेक्षा पीक नसताना जमिनीतलं तणाचं बी संपवणं घोड्यांना परवडतं, कारण उघड्या रानात जोडी भरभर चालते. राहिलेले १२ एकर घोड्यांचे: ५ ते ६ गवताला, बाकी चराईला.

मराठीत घोड्याच्या रोजच्या खुराकालाही रतीब म्हणतात आणि दारी येणाऱ्या दुधालाही. इथे दोन्ही रतीब एकाच जमिनीतून निघायचे असतात, आणि पहिला चुकला की दुसरा आपोआप चुकतो.

वाट्याची ही रीत अमेरिकेत १९८६ साली सुरू झाली, मॅसॅच्युसेट्समधल्या इंडियन लाइन फार्मवर आणि न्यू हॅम्पशरच्या टेंपल-विल्टन शेतावर. वाटेकरी हिवाळ्यात पैसे भरतो आणि पिकाच्या बऱ्यावाईटात सहभागी होतो. बियाणं, नालबंदी, साजाची दुरुस्ती हे सगळे खर्च मार्चआधीचे असल्यामुळे घोड्यांच्या शेतीला ही रीत फार सोयीची आहे. साहित्याचं म्हणाल तर अमेरिकेत शेतांवरचे घोडे आणि खेचरं १९१५च्या सुमारास अडीच कोटींहून जास्त होती, १९६०पर्यंत ती तीसेक लाखांवर आली. तरीही नवा साज, नवी अवजारं आज मिळतात, ती आमिश लोकांमुळे, म्हणजे अजूनही घोड्यांनीच शेती करणाऱ्या ख्रिस्ती पंथामुळे. पेनसिल्व्हेनियातला लँकेस्टर परगणा आणि ओहायोतला होम्स परगणा ही त्यांची मोठी ठिकाणं. अवजार घेताना सुटे भाग मिळतात का हे आधी विचारा, मग किंमत.

वर्ष मार्चपासून धरा. रात्री पाणी गोठतं आणि दुपारी वितळतं, तेव्हा मेपलचा रस वाहू लागतो. ४० लिटर रस आटवून १ लिटर पाक होतो, म्हणजे वाहतूकच जास्त. बर्फावरच्या घसरगाडीवर टाकी ठेवून रस गोळा करणं हे घोड्यांसाठी हंगामातलं उत्तम पहिलं काम आहे: ओढ हलकी, थांबे पुष्कळ. हिवाळ्यात आराम केलेल्या घोड्याचे स्नायू, फुप्फुसं आणि खांद्याची कातडी तिन्ही मऊ पडलेली असतात. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास, मग पाऊण, असं करत नांगर धरायच्या आधी चार ते सहा आठवडे द्या. अंगावर हिवाळी केस असतात, घाम लवकर सुटतो आणि वाळत नाही. काम झालं की गवताच्या बोळ्यानं चोळून कोरडं करा, मग खरारा.

आता खांदा. बैलांच्या शेतीत आणि घोड्यांच्या शेतीत खरा फरक इथे आहे. जू बैलाच्या मानेवर वशिंडापुढे टेकतं, घोडा मात्र खांद्यानं ढकलतो. कातडी कॉलर मानेभोवती बसते, तिच्या खाचेत लाकडाचे किंवा धातूचे दोन कमानदार दांडे, म्हणजे हेम, बसतात आणि हेमांना जोतं, म्हणजे अवजार ओढायचे पट्टे, जोडलेली असतात. कॉलरची लांबी आतल्या बाजूनं वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजतात. ८०० किलोच्या घोड्याला २२ ते २४ इंच लागते. घोड्याचं डोकं कामात असतं तसं धरा, कॉलर मागे खांद्याला भिडवा आणि खाली नरडं आणि कॉलर यांच्यामध्ये हात घाला: चार बोटांचा तळवा आडवा जाईल एवढी जागा हवी. कमी असेल तर चढावर श्वास कोंडतो. जास्त असेल तर कॉलर डावी-उजवी डोलते आणि खांदा सोलते. बाजूंनी बोटं सपाट सरकावीत, त्याहून ढिलं नको. जोतं हेमाला जिथे जोडली आहेत ती जागा खांद्याच्या टोकाच्या पातळीवर यावी, आणि ओढताना हेम आणि जोत यांच्यात काटकोन दिसावा. जोत फार खालून ओढत असेल तर कॉलरचा खालचा भाग रुततो, वरून ओढत असेल तर ती नरड्यावर चढते.

एकदा माप घेऊन भागत नाही. एप्रिलमध्ये जाडजूड असलेला घोडा जूनपर्यंत मानेत बारीक होतो आणि तीच कॉलर ढिली पडते. म्हणून एक माप मोठी कॉलर आणि आत गादी अशी जोडणी बरी पडते, गादी बदलून माप सांभाळता येतं. रोज साज उतरवल्यावर घोडा पुसण्याआधी खांदा बघा. कॉलरखाली घाम सारखा पसरलेला असला तर ठीक. ओल्या खांद्यात तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे दाब एवढा आहे की घामसुद्धा सुटला नाही. हाताला ती जागा गरम लागते, केस उलटे फिरलेले असतात. दुसऱ्या दिवशी तिथे सूज, तिसऱ्या दिवशी जखम. अशा जागेवर आणखी गादी लावू नका, दाब वाढतो. गादीला त्या जागी भोक पाडा म्हणजे दाब आजूबाजूला जाईल, आणि जखम झालीच असेल तर तो घोडा कॉलरमधून बाहेर काढा. तिसरा घोडा हवा तो याच दिवसासाठी. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात ती माया इथेही लागते, फक्त वर्षातून एकदा नव्हे, रोज. काम झाल्यावर खांदे मिठाच्या पाण्यानं धुवायची जुनी सवय चांगली आहे, त्यानं घामाचा खार निघून जातो. कॉलरची आतली बाजूही रोज पुसा.

जुंपण्याचा क्रम पाठ करा. आधी कासरे हातात, मग जोडी अवजाराजवळ, मग दांड्याचं पुढचं टोक धरणारं आडवं लाकूड, म्हणजे नेक-योक, दोन्ही घोड्यांना अडकवायचं, आणि सर्वांत शेवटी जोतं. सोडताना नेमकं उलट: जोतं आधी, नेक-योक शेवटी. जोतं अडकलेली आणि नेक-योक सुटलेलं अशा अवस्थेत घोडे दोन पावलं पुढे गेले की दांडा खाली पडून जमिनीत रुततो, अवजार उसळतं आणि घोडे उधळतात. या शेतीतले वाईट अपघात बहुतेक अशाच क्षणी होतात. डोळ्यांना झापडं असलेला लगाम जुंपलेल्या घोड्याच्या तोंडातून कधीही काढू नका. बैल घाबरला तर बहुधा अडून बसतो, घोडा पळतो. म्हणूनच नवख्यानं तरुण घोडे घेऊ नयेत. १२ ते १५ वर्षांची, सगळ्या अवजारांना सरावलेली जोडी घ्या, ती आणखी पाच-सहा वर्षं काम देते आणि तुम्हाला शिकवते. बेल्जियन आणि पर्शेरॉन या जड जाती सहज मिळतात. ४ एकरांना हाफ्लिंगर किंवा नॉर्वेजियन फ्योर्ड या लहान जातीही पुरतात, खातातही कमी, पण नांगरटीला वेळ जास्त घेतात.

एप्रिलअखेर नवं गवत येतं आणि पहिला मोठा धोकाही तेव्हाच येतो. हिवाळाभर वाळलं गवत खाल्लेला घोडा हिरव्यावर मोकळा सोडला तर खुरांच्या आत दाह होतो, त्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागच्यांवर भार घेतो, खूर गरम लागतो. त्यातून बचावला तरी असा घोडा पुन्हा कामाला आला नाही असंही होतं. पहिल्या दिवशी वाळलं गवत पोटभर देऊन मग अर्धा तास चराई, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढ. गवत वीतभर होईपर्यंत कुरण बंद.

दुसरा धोका दाण्याचा. नांगरटीच्या दिवसांत ७५० किलोच्या घोड्याला ३-४ किलो ओट, दोन-तीन वेळांत विभागून. रविवारी काम नसेल तर दाणा निम्म्यावर आणा किंवा बंद करा, गवत वाढवा. पूर्ण दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा सोमवारी जुंपला की तासाभरात मागचे पुठ्ठे दगडासारखे होतात आणि लघवी कॉफीसारखी येते. जुन्या लोकांनी याला सोमवारचा आजार असंच नाव दिलं होतं. असं झालं तर घोडा घरापर्यंत चालवत नेऊ नका. आहे तिथेच साज उतरवा, अंगावर घोंगडी टाका, पशुवैद्याला तिथे बोलवा.

मशागत वापशावर. मूठभर माती दाबा, गोळा अंगठ्यानं फुटला तर जुंपा, वळकटी झाली तर थांबा. घोड्यांच्या शेतीचा एक फायदा असा की ट्रॅक्टरचं चाक फिरण्याआधी दिवसभर तरी जोडी रानात जाऊ शकते. कोळपणी बसून चालवायच्या एका ओळीच्या कोळप्यानं. घोडे ओळीच्या दोन बाजूंना आणि पायाच्या दाबानं दात डावे-उजवे सरकतात. ३६ इंचांच्या ओळी असतील तर एकरात साडेचार किलोमीटर ओळ भरते, वळणांसकट दीड तासात एकर होतो. तण पांढऱ्या धाग्याएवढं असताना, डोळ्यांना जेमतेम दिसतं तेव्हा, जा. चार पानांवर आलं की कोळपं त्याला फक्त हलवून पुन्हा लावतं. बटाटा मेमध्ये लावा, हातभर झाला की भर द्या, दोन आठवड्यांनी पुन्हा.

उन्हाळ्यात फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करा. १५०च्या वर गेली तर विश्रांती दुप्पट, १८०च्या वर गेली तर जुंपूच नका, घामानं अंग थंड होत नाही. जुलैत पहाटे ५ ते १० हेच कामाचे तास. थांबल्यावर दहा मिनिटांत नाडी साठाखाली यायला हवी. रोज ४० ते ७० लिटर पाणी आणि मीठ कायम पुढ्यात.

आणि गवत. जूनच्या मध्यापासून कापणी. तीन घोडे, रोज १३ किलो, २०० दिवस: ७,८०० किलो. नासाडी आणि लांबलेला वसंत धरून १० टन जमवा. जुनी मॅककॉर्मिक-डीअरिंग नंबर ९ ही कापणी यंत्रं अजूनही उत्तम चालतात, पण नीट जुळवलेली हवीत. ६ फुटी पात्याचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा सव्वा ते दीड इंच पुढे असावं, कारण गवताच्या रेट्यानं ते मागे ढकललं जातं. ही आघाडी झिजून गेली की पातं ओढणारा लाकडी दांडा तिरका चालतो, तापतो, मोडतो, आणि घोड्यांवरची ओढ वाढते. पात्याचे त्रिकोण फेरीच्या दोन्ही टोकांना यंत्राच्या बोटांच्या, म्हणजे पात्यापुढच्या टोकदार लोखंडी दातांच्या, बरोबर मध्ये थांबले पाहिजेत, नाहीतर गवत कापण्याऐवजी चावलं जातं. यंत्राला शक्ती चाकातूनच मिळते, म्हणून दाट गवतात थांबलात तर पाऊलभर मागे घ्या, मग चाल द्या, पात्याला वेग आला पाहिजे. पात्यात अडकलेलं काढायला उतरण्याआधी गिअर सोडा आणि कधीही पात्यापुढे उभं राहू नका.

मोकळं गवत २५ टक्के ओलाव्यापर्यंत माडीवर टाकता येतं, गासड्या बांधायच्या तर १८ ते २० टक्क्यांवर नाही. बरणीत मूठभर गवत आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ मोकळं राहिलं तर बांधा, गुठळी झाली तर आणखी एक ऊन द्या. ओलं भरलेलं गवत आतून तापतं. ५५ अंश सेल्सियसला रोज लक्ष ठेवा, ७०ला आग लागू शकते. आणि जळलं नाही तरी बुरशी येते, तिनं घोड्याला कायमचा दमा लागतो.

या शेतांचं कंबरडं मोडतं ते जुलैत. गवत, लसणाची काढणी, आठवड्यातून दोनदा वाट्यांची तोडणी आणि तण, सगळं त्याच तीन आठवड्यांत येतं. जोडी गवतात अडकली की गाजराची कोळपणी चुकते आणि सप्टेंबरमध्ये वाट्यात गाजरं नसतात. माझं स्पष्ट मत: पहिली काही वर्षं कापणी घोड्यांनी करा, गासड्या बांधायचं काम मात्र शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला पैसे देऊन द्या. यात तत्त्वाचा काही भंग नाही. वाटेकऱ्यांना कामासाठी बोलवायचं तर ते लसूण उपटायला आणि गाडी भरायला बोलवा, घोड्यांजवळ नको.

खताचा हिशेबही आधीच करा. असा घोडा रोज लीद आणि मूत मिळून ३५-४० किलो टाकतो. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या अमेरिकी नियमानुसार न कुजवलेलं शेणखत मातीला टेकणाऱ्या पिकांना काढणीच्या १२० दिवस आधी, बाकीच्यांना ९० दिवस आधी घालावं लागतं. लेट्यूस आणि मुळा यांचं गणित यात बसत नाही. म्हणून कच्चं खत ऑक्टोबरमध्ये हिरवळीच्या तुकड्यांवर टाका, नाहीतर रांगेत कुजवा: १५ दिवस ५५ अंशांच्या वर आणि तेवढ्यात पाच वेळा उलथणं.

सप्टेंबरअखेर दव गोठतं. राय, म्हणजे गव्हासारखं एक थंडीतलं धान्य, जमीन झाकायला त्याआधी पेरून घ्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पेरलेली राय हिवाळ्याआधी जमीन झाकत नाही आणि वसंतातलं पाणी माती घेऊन जातं. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबरच्या मध्याला, ६ इंचांवर, वरून पेंढा. हिवाळी वाटे द्यायचे असतील तर गाजर-कोबी ० ते १ अंशावर ओलसर हवेत, बटाटा ४ अंशांवर, कांदा थंड पण कोरड्या जागी, भोपळा १० अंशांच्या वर. सगळं एका खोलीत ठेवलं की काहीतरी नासतंच.

शरदातल्या वादळानंतर कुंपणाच्या कडेनं रोज फेरी मारा. लाल मेपलची फांदी तुटून पानं सुकली की ती घोड्यांना विष असतात. सुकी पानं किलो-दीड किलो पोटात गेली तरी मोठा घोडा मरू शकतो. झाडावरची हिरवी पानं एवढी धोक्याची नाहीत, म्हणून लोक गाफील राहतात. गोठ्यात अंथरायला भुसा घेताना त्यात काळ्या अक्रोडाचं लाकूड नाही ना हेही विचारा, त्यानंही खुरांना दाह होतो.

हिवाळ्यात जमीन गोठली की रानातून सरपण आणि कुंपणाचे खांब ओढायचे. नालबंदाकडून बर्फासाठी टोकं असलेले नाल मारून घ्या आणि खुराखाली बर्फाचे गोळे धरू नयेत म्हणून गादी. उणे २० अंशांत लगामाची कडी आधी हातात धरून ऊब द्या, नाहीतर जीभ चिकटते. थंडीत दाणा वाढवू नका, गवत वाढवा: ते आतड्यात कुजताना अंग गरम ठेवतं. बर्फासारखं पाणी घोडे कमी पितात आणि आतडी तुंबून पोटशूळ उठतो, म्हणून पाणी कोमट करून देणं चैनीचं समजू नका. साज याच दिवसांत उकलून धुवायचा, तेल द्यायचं, प्रत्येक टाका ओढून बघायचा. मागचा ब्रीचिंगचा पट्टा विशेष, कारण उतारावर गाडी थोपवतो तो तोच.

आणि २ फेब्रुवारीला माडीवर जाऊन गासड्या मोजा. व्हरमाँट ज्यात येतं त्या न्यू इंग्लंडमधल्या जुन्या शेतकऱ्यांचा ठोकताळा आहे की या दिवशी निम्मं गवत आणि निम्मं सरपण शिल्लक हवं. तुमच्या दहा टनांतले पाच टन नसतील तर त्याच आठवड्यात विकत घ्या. एप्रिलमध्ये सगळ्यांचंच संपत आलेलं असतं, तेव्हा भाव चढतो आणि उरतं ते बुरशीचं. हा खर्च लिहून झाल्यावर वाट्याची किंमत ठरवा आणि नोंदणीचे कागद त्यानंतरच पाठवा.